शिंगराचे वय आणि भावी उंची : काही प्राचीन संज्ञांचा विचार

शिंगरू विकत घेणाऱ्यास दोन गोष्टी जाणून घ्याव्या लागतात. ते आज किती वयाचे आहे, ही एक. आणि पूर्ण वाढीनंतर ते किती उंच होईल, ही दुसरी. विकणारा या दोन्हींविषयी काही ना काही सांगतच असतो; परंतु त्याच्या सांगण्यावर विसंबून घोडा घेणारा मनुष्य कोणत्याही काळी शहाणा समजला गेलेला नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिंगराच्या तोंडात आणि दुसऱ्याचे त्याच्या पायात शोधण्याची रीत फार जुन्या काळापासून चालत आली. या रीतीने आपल्या वाङ्मयात काही संज्ञा मागे ठेवल्या आहेत. त्यांतील काहींचा अर्थ केवळ कोशाच्या साहाय्याने लागत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष घोड्याकडे पाहावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विशेषतः कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘जंघा’ या मापाविषयी काही विचार येथे मांडावयाचा आहे.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले, आणि मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रा. कंगले यांच्या तीन भागांमुळे पाठाचा पाया पक्का झाला. ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही, परंतु प्रस्तुत विषयासाठी तो वाद बाजूस ठेवता येतो. अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याची नोंद कोणत्या बाबींनिशी करावी हे तेथे सांगितले आहे : कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग आणि आगम. वय येथे दुसऱ्याच स्थानी आलेले आहे. ‘आगम’ म्हणजे घोडा कोठून व कसा आला ती हकीकत. वय आणि आगम या दोन बाबी एकमेकींस पूरक आहेत, हे सहज लक्षात येत नाही. स्वतःच्या पागेत जन्मलेल्या शिंगराचे वय दप्तरात असते. भेट म्हणून आलेल्या, युद्धात हाती लागलेल्या किंवा व्यापाऱ्याने आणलेल्या घोड्याचे वय मात्र वाचून काढावे लागते. हिंदुस्थानात, आणि त्यातही दक्षिणेत, दुसऱ्या प्रकारच्या घोड्यांचे महत्त्व मोठे होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या वर्णनात समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांसाठी तेथील राजा चाचेगिरीकडेही कानाडोळा करी, असे नोंदवून ठेवले आहे. पुढे सोळाव्या शतकात गोव्याच्या बंदरास या व्यापाराने मोठे उत्पन्न मिळवून दिले. गलबतातून उतरलेल्या घोड्याबरोबर त्याची जन्मकथा येत नाही; दात येतात.

त्याच अध्यायात शिंगराच्या पोषणाचे वेळापत्रक आहे. जन्मानंतर दहा दिवस लोटल्यावर त्यास तुपाचा अंश घातलेले सातूचे पीठ आणि दूध द्यावे, हा आहार सहा महिन्यांपर्यंत. त्यानंतर जव, तेही महिन्यागणिक वाढवीत तिसऱ्या वर्षापर्यंत. मग चौथ्या वर्षापर्यंत त्याहून मोठे माप. चार किंवा पाच वर्षांचा घोडा पूर्ण प्रमाणाचा व कामास योग्य समजावा, असा निर्णय शेवटी दिला आहे. शिंगराला येथे योजलेला शब्द ‘किशोर’ हा आहे. आज मराठीत किशोर म्हटले की शाळकरी मुलगा डोळ्यांपुढे येतो. परंतु संस्कृतात हा शब्द मुळात घोड्याच्या पिल्लाचा होता, आणि अमरकोशातही तो घोडीच्या नावांशेजारीच बसलेला आहे. घोड्याचा शब्द माणसाच्या मुलाला लागला, ही अर्थाची वाटचाल ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

‘चार किंवा पाच वर्षे’ हा आकडा कोठून आला? घोड्याच्या पुढच्या दातांचा क्रम पाहिला म्हणजे याचे उत्तर मिळते. वरच्या आणि खालच्या जबड्यात पुढे सहा सहा दात असतात. जन्मतः किंवा आठवड्याभरात मधली जोडी दिसते, महिना-दीड महिन्यात तिच्या शेजारची, आणि सहा ते नऊ महिन्यांत कडेची. हे सर्व दुधाचे दात. सुमारे अडीच वर्षांचे वय झाले की मधली दुधाची जोडी पडून कायमची येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. आणि नवा दात वर येऊन समोरच्या दाताशी घासू लागण्यास आणखी काही महिने लागतात. म्हणून तीन, चार व पाच ही वर्षे तोंडात स्पष्ट लिहिलेली असतात. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते, आणि उंचीची वाढही त्याच सुमारास थांबलेली असते. कौटिल्याची मर्यादा ही एकाच वेळी दातांची व हाडांची मर्यादा आहे.

दातांवरून वय सांगण्याची ही पद्धत व्याकरणातही शिरलेली आहे. बहुव्रीहि समासात वयाचा बोध होत असता ‘दंत’ शब्दाच्या जागी ‘दतृ’ हा आदेश होतो, असे पाणिनीने पाचव्या अध्यायाच्या चौथ्या पादात (५.४.१४१) सांगितले आहे. म्हणून दोन दात आलेला तो ‘द्विदन्’, चार आलेला ‘चतुर्दन्’, सहा आलेला ‘षोडन्’. वयाचा संबंध नसेल तर हा आदेश होत नाही. दोन सुळ्यांचा हत्ती ‘द्विदंत’च राहतो, असे प्रत्युदाहरण काशिकेत येते. अर्थ बदलला की रूप बदलते, आणि तो अर्थ केवळ वयाचा. इतक्या नेमक्या अर्थासाठी भाषेत वेगळे रूप टिकून राहिले, याचा अर्थ दात मोजून वय सांगण्याचा व्यवहार रोजचा होता. पाणिनीने कोणत्या जनावराचे दात हे सांगितलेले नाही. सांगण्याचे त्याला कारणही नव्हते. ‘षोडन्’ हे रूप मात्र घोड्याला आणि बैलाला दोघांनाही लागू पडते. घोड्याला सहा हा शेवटचा आकडा, बैलाला शेवटून दुसरा.

मराठीत बैलांच्या बाजारात हीच मोजणी आजही चालते. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो ‘आदत’. हा शब्द संस्कृतातील ‘अदत्’ म्हणजे दंतहीन यापासून सरळ आला असे म्हणण्याचा मोह होतो. ध्वनिनियम मात्र त्याच्या आड येतात. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात टिकत नाही. ‘पाद’ याचे ‘पाय’ होते. ‘आदत’ मधला ‘द’ टिकला आहे, त्यामुळे हा शब्द संस्कृतातून वारशाने आला असे न मानता ‘दात’ या मराठी शब्दावरूनच पुढे घडला असे मानणे अधिक सयुक्तिक होय. कल्पना जुनी, शब्द नवा. घोड्याच्या बाबतीत मराठीत आणखी एक शब्द असाच बाहेरून आल्याचे दिसते. ‘वत्स’ या शब्दातील ‘त्स’ मराठीत ‘स’ होतो (वासरू), जसा ‘मत्स्य’ याचा ‘मासा’ होतो. ‘वछेरा’ या शब्दात ‘छ’ आहे. तेव्हा तो मराठीचा स्वतःचा नसून गुजराती ‘वछेरो’ किंवा हिंदी ‘बछेरा’ यांच्या बाजूने आला असला पाहिजे. घोड्यांचा व्यापार कोणत्या दिशेने चालत होता याचे हे एक लहानसे चिन्ह समजण्यास हरकत नसावी.

पाणिनीने मोजणी दिली. संपूर्ण कोष्टक दिले ते वराहमिहिराने. सहाव्या शतकातील या ज्योतिष्याच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणाचा एक छोटा अध्याय आहे आणि त्यातील एकाच श्लोकात घोड्याचे सबंध आयुष्य दातांच्या आधारे मांडले आहे. त्याचा आशय असा. सहा पांढरे दात असले म्हणजे घोड्याचे बाळ. तेच सहा तांबूस-पिवळट झाले म्हणजे दोन वर्षांचा. त्यानंतर ‘संदंश’, ‘मध्यम’ आणि ‘अंत्य’ या जोड्या क्रमाने पडून पुन्हा वर आल्या म्हणजे तीन, चार व पाच वर्षांचा. पुढे याच जोड्यांच्या क्रमाने तीन तीन वर्षांचे गट : कालिका, पीत, शुक्ल, काच, माक्षिक, शंख, अवट, चलन आणि शेवटी दंतपात.

या श्लोकाचा पूर्वार्ध वाचताना त्यामागे पागेत उभा असलेला मनुष्य दिसतो. पहिल्या वर्षाअखेर सर्व सहा दुधाचे दात आलेले व शुभ्र असतात. दुसऱ्या वर्षी ते झिजतात, रंगतात. तीन, चार, पाच या वर्षांविषयी तर आजच्या पशुवैद्यकालाही काही बदल करावा लागणार नाही. ‘संदंश’ म्हणजे चिमटा किंवा सांडशी. आपली स्वयंपाकघरातली ‘सांडशी’ याच शब्दाची वंशज आहे. मधल्या दोन दातांनी घोडा गवत चिमटीत धरून तोडतो, म्हणून ते नाव. मौज अशी की फ्रेंच भाषेत मधल्या जोडीला ‘पॅंस’ म्हणजे चिमटे, त्यापुढील जोडीला मधले आणि शेवटच्या जोडीला कोपरे म्हणतात. जर्मनमध्येही मधली जोडी म्हणजे ‘त्सांगेन’, सांडशा. संदंश, मध्यम, अंत्य हीच त्रयी. हे शब्द एकमेकांपासून उचललेले असण्याचा संभव कमी. घोड्याचे तोंड पाहणाऱ्या कोणाही माणसाला तीच उपमा सुचावी, असे ते आहे.

वराहमिहिराच्या आधी सुमारे नऊशे वर्षे ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात हाच क्रम दिला आहे : तीस महिन्यांनी चार दात पडतात, दोन वरचे व दोन खालचे, वर्षाने आणखी चार, पुन्हा वर्षाने आणखी चार, साडेचार वर्षांनंतर पडणे थांबते. रोमन लेखक व्हॅरो याच्या शेतीविषयक ग्रंथातही तीस महिन्यांचा तोच आकडा आहे. झेनोफोनच्या अश्वविद्येवरील पुस्तकात एक व्यावहारिक सूचना येते : ज्या घोड्याच्या तोंडात वय दाखविणारे दात उरले नाहीत, त्याच्याविषयी ना आशा धरता येते, ना तो पुढे सहज विकता येतो. त्या दातांना ग्रीकांनी दिलेले नाव ‘ग्नोमोन’, म्हणजे जाणवून देणारा. छायायंत्रातील शंकूलाही तोच शब्द. आपण ज्याला ‘शंकू’ म्हणतो तो काळ मोजतो. ग्रीक भाषेत घोड्याचा दातही तेच करतो. या साम्यावरून ग्रीकांकडून भारतात किंवा भारतातून ग्रीसमध्ये हे ज्ञान गेले असा निष्कर्ष काढण्याची काहींना घाई होईल. वराहमिहिराला यवन ज्योतिषाचा परिचय होता हे खरे; परंतु अडीच वर्षांनी दात पडणे हे घोड्याच्या स्वभावात आहे, ग्रंथात नाही. जेथे निसर्ग दोघांनाही एकच धडा देतो तेथे उसनवारी सिद्ध करण्यास अधिक पुरावा लागतो.

श्लोकाच्या उत्तरार्धाची गोष्ट निराळी आहे. कालिका हा पहिला गट सहा, सात व आठ या वर्षांचा. कायमच्या दाताच्या माथ्यावर एक खळगा असतो व त्यात काळी खूण दिसते. झीज होत गेली की ती खालच्या मधल्या जोडीतून साधारण सहाव्या वर्षी, शेजारच्या जोडीतून सातव्या आणि कडेच्या जोडीतून आठव्या वर्षी नाहीशी होऊ लागते. तीन वर्षांचा गट का, याचे उत्तर येथे सापडते : जोड्या तीन आहेत म्हणून. पीत या पुढच्या गटाची वर्षे नऊ ते अकरा. वरच्या दातांतील खुणा परंपरेने याच वर्षांत जातात असे मानले जाते, परंतु वराहमिहिराने वरच्या ओळीचे नाव घेतलेले नाही, म्हणून त्यावर भर देणे योग्य नव्हे. पुढील गट मात्र निरीक्षणाने आले असे म्हणवत नाही. काचेसारखा, मधासारखा, शंखासारखा असा दाताचा रंग तीन तीन वर्षांच्या शिस्तीत बदलत नाही. मग नऊच गट का? पाच वर्षांत सत्तावीस मिळविले की बत्तीस होतात. आणि त्याच वराहमिहिराने बृहज्जातकात निरनिराळ्या प्राण्यांची परमायुष्ये दिली आहेत, तेथे घोड्याचे आयुष्य बत्तीस वर्षांचेच आहे. आयुष्याचा आकडा आधी ठरलेला होता आणि दातांचे कोष्टक त्यास पुरे पडेल इतके लांबविले गेले, असे दिसते. म्हणजे एकाच श्लोकात आठव्या वर्षापर्यंत मोतद्दार बोलतो आणि त्यानंतर ज्योतिषी बोलू लागतो.

या बाबतीत वराहमिहिराला हसण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात सिडने गॅल्वेन या अश्वशिक्षकाने वरच्या कडेच्या दातावरील एका खोबणीच्या आधारे दहा ते तीस वर्षांपर्यंतचे वय नेमके सांगता येते असा दावा केला आणि ती खोबण आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. अलीकडील तपासण्यांत, वय निश्चित ठाऊक असलेल्या घोड्यांच्या दातांशी ताडून पाहता, प्रौढ घोड्याच्या बाबतीत असे नेमके अंदाज विश्वसनीय ठरलेले नाहीत. शिंगराच्या बाबतीत मात्र जुनी पद्धत टिकली, कारण तेथे दात झिजत नसून येत व पडत असतात. त्यातही लबाडीला वाव आहेच. वय वाढवून दाखविण्यासाठी दुधाचे दात आधीच उपटणे आणि म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खळगा कोरून तो जाळून काळा करणे, हे दोन्ही उद्योग युरोपच्या बाजारात सर्वश्रुत होते. दुसऱ्याला तर इंग्रजीत स्वतंत्र क्रियापदच आहे.

आता उंचीकडे वळू. वय हे झालेल्या गोष्टीचे मोजमाप आहे. भावी उंची ही न झालेल्या गोष्टीची. कौटिल्याने उत्तम घोड्याची मापे अशी दिली आहेत : मुख बत्तीस अंगुळे; लांबी पाच मुखे; जंघा वीस अंगुळे; उंची चार जंघा; घेर शंभर अंगुळे. अंगुळ म्हणजे आठ यवमध्य, सुमारे पाऊण इंच. यावरून उंची ऐंशी अंगुळे, म्हणजे साठ इंच किंवा पाच फूट येते. आजच्या भाषेत सुमारे १५२ सेंटिमीटर. अंगुळाचे मान थोडे इकडेतिकडे धरले तरी प्रमाणे बदलत नाहीत, आणि आपल्याला प्रमाणांशीच कर्तव्य आहे.

‘जंघा’ म्हणजे पायाचा कोणता भाग? मराठी वाचकाची येथे हमखास दिशाभूल होते. आपली ‘जांघ’ मांडीच्या मुळाशी आहे; हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे मांडीच. संस्कृतात मात्र मांडीला ‘ऊरु’ किंवा ‘सक्थि’ म्हणतात, आणि ‘जंघा’ हा गुडघ्याखालचा भाग, ज्याला आपण नडगी म्हणतो. शब्द तोच राहिला आणि शरीरावर वर सरकला. म्हणून जंघा म्हणजे मांडी हा अर्थ भाषेच्या आधारेच बाद होतो. शिवाय जिवंत घोड्याच्या मांडीचे हाड स्नायूंत इतके दडलेले असते की दोरी लावून ते मोजणे कठीण. प्रश्न उरतो तो गुडघ्याखालचा भाग कोठपर्यंत धरावयाचा याचा. पुढच्या पायाला गुडघ्याखाली एक सरळ नळी असते, मग खालचा सांधा, मग तिरपा भाग, मग खूर. शरीरशास्त्राच्या दृष्टीने घोड्याचा हा ‘गुडघा’ माणसाच्या मनगटाशी जुळतो, आणि त्याचा खरा गुडघा मागच्या पायात, कुशीजवळ लपलेला असतो. परंतु पागेची भाषा शरीरशास्त्राची नसते. डोळ्यांना दिसणारा गुडघा तोच गुडघा.

जंघा म्हणजे केवळ नळी असा अर्थ घेतला तर पाच फूट उंचीच्या घोड्याला ती पंधरा इंच भरणार नाही. फार तर नऊ-दहा इंच भरेल. गुडघ्याच्या मध्यापासून खुराच्या वरच्या केसांच्या कडेपर्यंत मोजले तर मात्र पंधरा इंच येतात. याला एक अनपेक्षित साक्षीदार आहे. इंग्रजी बोलणाऱ्या अश्वपालांत एक प्रचलित नियम आहे : शिंगराच्या गुडघ्यापासून खुराच्या कडेपर्यंत जितके इंच, तितके ‘हँड’ त्याची पूर्ण वाढीची उंची. ‘हँड’ म्हणजे चार इंच. तेव्हा हा नियम ‘उंची म्हणजे चार जंघा’ एवढेच सांगतो, फक्त एककांच्या बोलीत. कौटिल्याचा ‘चतुर्जंघ’ आणि आजच्या तबेल्यातील हा नियम ही एकच गोष्ट आहे. मुखाचे मापही या वाचनास दुजोरा देते. बत्तीस आणि ऐंशी यांचे प्रमाण एकास अडीच. लियों येथे १७६१ मध्ये पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापणाऱ्या बुर्जेला याने घोड्याची प्रमाणे डोक्याच्या लांबीने मोजली, तेव्हा उंची अडीच डोकीच धरली. अर्थशास्त्रातील आकडे शोभेसाठी रचलेले नसून घोड्यावर दोरी लावून घेतलेले आहेत, असा विश्वास यावरून वाटतो. लांबीचे पाच मुखे हे माप उंचीच्या दुप्पट भरते. ते नाकापासून शेपटीपर्यंत घेतलेले असावे, एरवी ते जुळत नाही.

यानंतर जो मुद्दा मांडतो तो अनुमानाचा आहे, आणि वाचकाने तो तसाच घ्यावा. मुख हे एकक लांबीसाठी वापरणाऱ्या ग्रंथकाराने उंचीसाठी मात्र एकक बदलून जंघा का घेतली? अडीच मुखे म्हणणे त्यास शक्य होते. उत्तर झेनोफोनकडे सापडते असे मला वाटते. शिंगराची भावी उंची कशी ओळखावी हे सांगताना तो म्हणतो की, जन्माच्या वेळी ज्याच्या नडग्या लांब असतील तो घोडा उंच होतो; कारण चतुष्पादांच्या नडग्या पुढे फारशा वाढत नाहीत, उरलेले शरीर वाढून त्यांच्याशी प्रमाणात येते. ही गोष्ट आजच्या शास्त्राने खरी ठरविली आहे, थोड्या दुरुस्तीसह. नवजात शिंगराची उंची पूर्ण उंचीच्या सहा दशांशाहून थोडी अधिक असते. एक वर्षाचे झाले की ती सुमारे नऊ दशांशांवर जाते. या वाढीत सर्व हाडांचा वाटा सारखा नसतो. गुडघ्याखालच्या नळीचे लांबीने वाढणे पहिल्या वर्षातच जवळजवळ आटोपते. गुडघ्यावरचे हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत राहते. पाठीच्या कण्याची वाढ तर पाचव्या वर्षापलीकडेही चालू असते. म्हणजे जंघा हा शरीराचा सर्वांत आधी पूर्ण होणाऱ्या भागांपैकी एक. वाढत्या शरीरात न वाढणारे एकक पाहिजे असेल तर तेच घ्यावे लागते. मुख त्या कामाचे नाही. ते वाढत राहते.

तेव्हा ‘चतुर्जंघ’ हे प्रमाण पूर्ण वाढलेल्या घोड्याचे वर्णन म्हणून लिहिले गेले असले, तरी त्याचा खरा उपयोग न वाढलेल्या घोड्याच्या बाबतीत होता. वर्षाच्या शिंगराची जंघा वीस अंगुळे भरली तर ते चौथ्या-पाचव्या वर्षी ऐंशी अंगुळांचे ‘पूर्णप्रमाण’ गाठील, हे अश्वाध्यक्षास आज सांगता येईल. आणि त्याचा जवाचा शिधा किती वर्षे चालवावयाचा याचा हिशेबही त्याच अध्यायात आहे. राज्याच्या कोठारातून चार वर्षे धान्य खाऊन शेवटी तट्टू निघणार की युद्धाश्व, हे आधी कळण्याची गरज हिशेबी प्रशासनास असते. मराठ्यांच्या फौजेत ही गरज आणखी जवळून जाणवली असेल. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो ठेंगणा निघाला किंवा वयाने फसवा निघाला तर नुकसान त्याचेच. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, तेथे फसगत पागेची.

झेनोफोनच्या मतात एक उणीव आहे. जन्मल्या दिवशी नळीची वाढ पूर्ण झालेली नसते. पहिल्या काही महिन्यांत ती होते. म्हणून त्याचा नियम जन्माच्या वेळी लावण्यापेक्षा वर्षाच्या सुमारास लावणे बरे. शिवाय चारास एक हे प्रमाण सर्व जातींना सारखेच लागू पडेल असे धरता येत नाही. आखूड पायांची व खोल छातीची डोंगरी तट्टे आणि लांब पायांचे अरबी घोडे यांत फरक पडणारच. कौटिल्याने दिलेली मापे ‘उत्तम’ घोड्याची आहेत, हे विसरून चालणार नाही.

दक्षिणेतील घोड्यांवर हे प्रमाण कितपत उतरते, हे पाहण्याचे साधन आपल्याजवळ आहे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडे मराठी फौजांच्या काळापासून प्रसिद्ध. अलीकडेच त्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद झाली आहे. पुणे, सोलापूर, सातारा व अहिल्यानगर या जिल्ह्यांतून मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांवर ती ओझ्यासाठी पाळली जातात आणि तेथे दर वर्षी शिंगरे जन्मतात. एखाद्या विद्यार्थ्याने वर्षाच्या शिंगरांच्या गुडघ्यापासून खुराच्या कडेपर्यंतचे माप घेऊन ठेवावे, दातांची नोंद करावी आणि पाचव्या वर्षी तीच जनावरे पुन्हा गाठून, आयाळ संपते त्या उंचवट्यापर्यंतची उंची मोजावी. त्याच वेळी धनगर त्या सांध्याला, त्या नळीला आणि त्या दातांना काय म्हणतात तेही लिहून घ्यावे. कोशात ‘जंघा’ या शब्दापुढे अश्वविद्येतील अर्थ म्हणून काय लिहावयाचे, याचा निर्णय त्यानंतर अधिक खात्रीने करता येईल.